नव्व्याण्णव गोल आणि एक खाचर

"तीन वर्सं झाली, शून्य-शून्य. यांच्यापेक्षा आमची म्हस जास्त पलते."

गोदूताई हे शेजारणीला सांगत होत्या, पण बांधावर माझ्या इतक्या जवळ बसून की त्यांच्या मशेरीचा वास मला येत होता. मी वळून पाहिलं नाही. पंचाने प्रेक्षकांकडे वळून पाहू नये असं नियमांच्या पुस्तकात कुठेही लिहिलेलं नाही, पण माझ्यापुरता मी तो नियम करून टाकलाय.

"आनि ही बाई नुसती शिटी वाजवते," त्या पुढे म्हणाल्या. "बोलत काय नाय."

ही बाई म्हणजे मी, नीता. सुकापूरच्या अमृतकुंज सोसायटीत बारा वर्षं राहतेय. सोसायटी विरुद्ध गाव असा दर रविवारी सकाळी सात वाजता फुटबॉलचा सामना होतो, नऊ-नऊ जणांचा, आणि त्याची पंच मी. माझा नवरा चारुदत्त सोसायटीचा गोलकीपर आहे. तरीही मला पंच केलं, कारण मी नवऱ्याच्या बाजूने निकाल देणार नाही याची दोन्ही संघांना पक्की खात्री होती. नियम मी माझे मीच शिकले, मोबाइलवर वाचून, भाजी निवडता निवडता. ऑफसाइड समजायला दीड किलो मटार लागले. ताटात दाणे मांडायचे, सरकवायचे, परत वाचायचं. तिसऱ्या दिवशी समजलं आणि त्याच दिवशी उसळही झाली.

सामना होतो तो गोदूताईंच्या नवऱ्याच्या, कमळाकरनानांच्या खाचरात. भात कापून झालं की धसकटं काढायची, दोन टोकांना बांबू रोवायचे, चारी बाजूंचे बांध म्हणजे मैदानाच्या सीमा. मेअखेरपर्यंत फुटबॉल. जूनमध्ये बांबू उपटून नानांच्या पडवीत आणि पेनल्टीच्या जागेवर भाताची रोपं. आसपासची सगळी शेतं गेली. आता या खाचराच्या तीन बाजूंना इमारती आहेत आणि चौथ्या बाजूला येणाऱ्या इमारतीची जाहिरात.

नाना गावाच्या संघात पुढे खेळतात. वय बासष्ट, पाठीवर नऊ नंबर. बनियन इतकं जुनं की त्या नऊची शेपटी धुऊन धुऊन गेली आहे. आयुष्यात मारलेल्या प्रत्येक गोलासाठी त्यांनी गोलच्या डाव्या बांबूवर चुन्याचा एक ठिपका दिलाय. असे नव्व्याण्णव ठिपके आहेत. गेली तीन वर्षं नव्व्याण्णवच आहेत. गावातलं पाच वर्षांचं पोरसुद्धा सांगेल की शंभरावा ठिपका पडला की हे खाचर जाणार.

हे असं कसं झालं? हळदीमुळे झालं. पाच वर्षांपूर्वी नानांच्या मुलाची, निकेशची हळद होती. इथल्या गावांत हळद म्हणजे लग्नाहून मोठी. मांडव, स्टेज, डीजे, दोन-तीन हजार माणूस. निकेश जमिनीच्याच व्यवहारात आहे. कोणाचा प्लॉट, कोणाचा टॉवर, सारखा फोनवर. त्याने एका बिल्डरला स्टेजवर आणलं, शाल घातली आणि नानांच्या हातात माइक दिला. म्हणाला, "बाबा, आज सगळ्यांसमोर सांगूनच टाका, खाचर कधी देताय." नानांना पोराचा हळदीचा दिवस मोडवेना. त्यांचे तेव्हा एकाहत्तर गोल झाले होते आणि वर्षाला तीन-चार ही त्यांची चाल होती. त्यांनी मनातल्या मनात हिशेब केला असणार. माइकवर गरजले, "माजे शंभर गोल झाले का सही करतो! गावासमोर शब्द देतो!" मांडव दणाणला. डीजेने सलामी दिली.

पण पुढच्याच मोसमात सोसायटीला नवा गोलकीपर मिळाला. माझा नवरा. त्या मोसमात नानांचे एकोणीस गोल झाले. त्याच्या पुढच्या मोसमात दिवाळी ते संक्रांतीत नऊ.

नव्व्याण्णवाव्या गोलानंतरच्या रविवारी काय झालं ते मी स्वतः पाहिलंय. कोणी काही ठरवलं नाही, कोणी कोणाला काही म्हणालं नाही. पण सोसायटीचे नऊच्या नऊ जण नानांभोवती उभे राहिले आणि गावाच्या आठ जणांनी चेंडू नानांपासून जमेल तेवढा लांब ठेवला. तेव्हापासून शून्य-शून्य.

कोणी बोलणार तरी काय? आम्ही सोसायटीवाले नानांना कोणत्या तोंडाने सांगणार की शेत विकू नका? नानांच्याच चुलत्याच्या शेतावर आमची सी विंग उभी आहे. गाववाले म्हणणार काय, की नाना, माइकवर दिलेला शब्द मोडा? निकेशही बापाला 'मारा एकदाचा गोल आणि सही करा' असं तोंडावर म्हणत नव्हता. आणि नाना दर रविवारी सगळ्यांच्या आधी मैदानावर हजर. "औंदा शंभर करनार!" असं सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणायचे आणि बूट चढवायचे.

तर गोदूताईंनी म्हशीचा विषय काढला त्याच मिनिटाला गावाच्या संघातल्या जगनने चेंडू मारला. जगन कळंबोलीच्या लोखंड बाजारात टेम्पो चालवतो. सळया भरलेला टेम्पो गल्लीत उलटा घालताना त्याचा आरसासुद्धा कुठे घासत नाही, पण तीन वर्षं नानांच्या दिशेने मारलेला त्याचा प्रत्येक चेंडू बांधापलीकडे जातो. त्याही दिवशी त्याने नेम बांधाचाच धरला होता. मध्ये एक ढेकूळ आलं. चेंडू उडाला, नानांच्या नडगीवर आपटला आणि चारुदत्तच्या दोन पायांमधून गोलात गेला.

कोणी टाळी वाजवली नाही. नाना स्वतःच्या नडगीकडे बघत राहिले. मग माझ्याकडे.

मी शिटी वाजवली. हात वर केला. ऑफसाइड.

"ऑफसाइड!" सोसायटीचे सगळे ओरडले. गावाचेही ओरडले. आपलाच गोल रद्द झाल्यावर इतका खूश झालेला संघ मी तोवर पाहिला नव्हता. जगनने तर देवाला हात जोडले.

आता खरं सांगायचं तर सोसायटीचा शार्दूल गोलच्या बांबूला टेकून बुटाची नाडी बांधत होता. शार्दूल महिन्यापूर्वीच बी विंगमध्ये भाड्याने आलेला, फार छान खेळणारा मुलगा. तो नानांच्या पुढे होता, म्हणजे गोल बरोबर होता. मला दिसत होता. चांगला दिसत होता, पिवळाधमक टी-शर्ट होता त्याचा.

सामना संपल्यावर निकेश मोबाइल घेऊन आला. त्याने सगळं शूट केलं होतं.

"काकू, हा पिवळा कोण?"

"कॅमेरा तिरका आहे, निकेश."

"काकू, कॅमेरा तिरका आहे. शार्दूल तिरका नाहीये."

मी शिटीची दोरी बोटाला गुंडाळत राहिले. निकेशने मोबाइल खिशात घातला. पुढचं बोलायचं म्हणजे गोल कशासाठी हवाय ते बोलायचं, आणि ते त्यालाही नको होतं.

"जाऊ द्या," तो म्हणाला. "माझं गोलाचं काही नाही. माझा मुद्दा खेळाचा आहे. खेळ किती बोअर झालाय बघा. माणसं येत नाहीत बघायला. फुटबॉल कसा ओपन पाहिजे, एंटरटेनिंग पाहिजे. जगात नियम बदलतायत, आपण का नाही बदलायचे?"

मागे बांधावरून गोदूताई म्हणाल्या, "बरोबर बोलतो पोरगा. झोप येते मना."

लगेच बांधावरच सभा भरली. चारुदत्त सोसायटीचा सेक्रेटरी असल्याने त्याला बोलण्याआधी विषयाला क्रमांक द्यावा लागतो.

"विषय क्रमांक एक," तो म्हणाला. "ऑफसाइडचा नियम रद्द करणे. सूचक श्री. निकेश. कोणाची हरकत?"

हरकत सगळ्यांचीच होती. चेहऱ्यावर दिसत होती. एकाने घसा खाकरला, दुसऱ्याने मोजा काढून झटकला.

"तत्त्वतः विरोध नाही," चारुदत्त म्हणाला. माझा नवरा तत्त्वतः म्हणाला की पोटात दुखतंय असं समजायचं.

"नाना, तुमी बोला," जगन म्हणाला. "खाचर तुमचा."

नाना जमिनीतून एक राहिलेलं धसकट उपटत होते. ते निघेना. "खेल खुला पायजे," ते खाली बघूनच म्हणाले. "मना काय, मी तयारच हाय."

ठराव सर्वानुमते मंजूर झाला.

पुढच्या रविवारी ऑफसाइड नाही म्हटल्यावर नाना पहिल्या मिनिटापासून सोसायटीच्या गोलसमोर जाऊन उभे राहिले. त्यांच्याभोवती सोसायटीचे नऊ जण. लांबून पाहणाऱ्याला वाटलं असतं, ग्रुप फोटो चाललाय. चेंडू मैदानाच्या दुसऱ्या टोकाला गावाच्या आठ जणांत फिरत होता, इकडे यायचं नाव घेत नव्हता. पंच म्हणून मी दोघांच्या मधोमध उभी राहून दोन्हीकडे मान वळवत होते. नाना आणि चारुदत्त सामन्याची दोन्ही अर्धी आपापल्या गुडघेदुखीवर बोलले. चारुदत्त गेल्या वर्षी निवृत्त झाल्यापासून एवढं सलग कोणाशी बोललेला मी पाहिला नव्हता. सामना संपल्यावर नानांनी त्याला कसल्या तरी पाल्याचा लेप सांगितला आणि चारुदत्तने नानांना एक मलम. पुढे तो पाला आमच्या फ्रिजमध्ये आला आणि दोन आठवडे कोथिंबिरीशेजारी राहिला.

निकेशने दुसरा नियम आणला. प्रत्येक संघाचे तीन जण कायम समोरच्याच्या अर्ध्या मैदानात पाहिजेत. मध्ये चुन्याची रेघ. रेघ ओलांडून मागे आलं की फाउल.

"म्हणजे इथे गर्दी होणार नाही," तो म्हणाला. "जागा मोकळी होईल."

"तत्त्वतः," चारुदत्तने सुरुवात केली.

"मंजूर," नाना म्हणाले.

सोसायटीने पुढे पाठवायला तीन जण काढले. दोघांना धाप लागत होती, त्यांना सावली बघून उभं केलं. तिसरा शार्दूल. त्याला हळद, शंभर, ठिपके यातलं काही माहीत नव्हतं. त्याला सांगायचं कोणी? त्याला सांगायचं म्हणजे ते मोठ्याने बोलायचं. प्रत्येकाला वाटलं दुसऱ्याने सांगितलं असेल. शार्दूलला एवढंच दिसलं की समोर गोल आहे आणि आसपास कोणी नाही. त्याने चार मारले.

तीन वर्षांत पहिल्यांदा त्या खाचरात गोल झाला होता. पहिल्या गोलाला लोक दचकले, दुसऱ्याला हसले, चौथ्याला आमच्या सोसायटीच्या बाल्कन्यांतून ताटं वाजली. गोदूताई मात्र उठून उभ्या राहिल्या.

"जगन, मेल्या! गावाच्या खाचरात गावालाच चार? तुजा टेम्पो बंद पडला काय?"

जगनला ते लागलं. पुढच्या रविवारी त्याने नाना कुठे आहेत ते नीट बघून घेतलं, त्यांच्यापासून पार दुसऱ्या कडेला गेला आणि तिथून लांबून दोन गोल मारले. मग काय, दोन्हीकडून सुरू झालं. सहा-पाच. सात-सात. नानांना वगळून बाकी सगळे मारू लागले. कोणी ओढणीचा झेंडा केला. शेजारच्या टॉवरमधली माणसं नाश्त्याच्या बशा घेऊन खाली यायला लागली. एक कलिंगडवाला सकाळी साडेसहालाच बांधाच्या कोपऱ्यावर गाडी लावू लागला. निकेश जे म्हणाला होता ते खरंच झालं होतं. खेळ खुला झाला होता, बघायला मजा येत होती, आणि मी आयुष्यात कधी नव्हे एवढी धावत होते. माझी साखर कमी झाली. डॉक्टरांनी विचारलं काय करता, मी म्हटलं शिटी वाजवते.

फक्त डाव्या बांबूवर ठिपके तेवढेच होते.

निकेशने मग गोल रुंद केले. दोन्ही बांबू दोन-दोन पावलं लांब रोवले. आता त्यातून जगनचा टेम्पो गेला असता. नानांसमोर त्या दिवशी तीनदा चेंडू आला. तिन्ही वेळा बाहेर गेला. गोल रुंद केला तसा नानांचा चेंडूही आणखी लांबून जाऊ लागला. तिसऱ्या वेळी मी त्यांच्यापासून चार पावलांवर होते. पंचाला जवळून दिसतं, हाच या कामाचा फायदा आणि हाच तोटा. नानांनी मारताना उजवा पाय घोट्यातून हळूच बाहेर वळवला. चप्पल चिखलातून काढताना वळवतात ना, तसा.

आमची नजरानजर झाली.

"सरकला," नाना म्हणाले.

"हो," मी म्हटलं. "दव पडलंय."

एप्रिलचा शेवटचा आठवडा होता आणि पायाखालची जमीन पापडासारखी वाळली होती.

त्या दिवशी दुपारी जेवताना चारुदत्त म्हणाला, "नियम वाईट नाहीत तसे. खेळ सुधारला."

"मग तोंड का असं?"

"गुडघा."

आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून ते खाचर दिसतं. बारा वर्षांत त्या खिडकीला मी पडदा लावला नाही. ऑगस्टमध्ये त्यातून हिरवा उजेड येतो, भांड्यांवर पडतो. चारुदत्त जेवताना त्याच बाजूला तोंड करून बसतो. ही त्याची जागा आहे असं आम्ही कधी ठरवलेलं नाही.

"नीता," तो थोड्या वेळाने म्हणाला, "त्या दिवशी ती ऑफसाइड..."

"आमटीत मीठ बरोबर आहे का?"

त्याने एक घोट घेतला. "बरोबर आहे," तो म्हणाला. मी मीठ घालायलाच विसरले होते.

मेचा शेवटचा रविवार आला. त्यानंतर बांबू निघणार होते. निकेशला घाई असल्याचं सगळ्यांना कळलं होतं, कारण बिल्डरची माणसं शनिवारी येऊन खाचराच्या चार कोपऱ्यांवर लाल रंगाचे खुंट ठोकून गेली होती. एक खुंट कॉर्नरच्या बरोबर जागेवर होता. कोणी त्याच्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. सगळे त्याला वळसा घालून चालत होते.

निकेशने त्या दिवशी स्पीकर लावले होते. हातात माइक. गर्दी एवढी की बांध दिसत नव्हते.

"आजच्यासाठी दोन खास नियम!" तो माइकवर म्हणाला. "एक. कोणीही चेंडू पाच सेकंदांपेक्षा जास्त स्वतःकडे ठेवायचा नाही. पंच हात वर करून बोटं मोजतील. वेळ गेली की तो खेळाडू दोन मिनिटं बाहेर. गोलकीपर असला तरी बाहेर, आणि त्याच्या जागी दुसरा उभा करायचा नाही. ओपन म्हणजे ओपन!"

टाळ्या पडल्या.

"दोन. दोन्ही संघांत मिळून एक जोकर. ज्याच्याकडे चेंडू, जोकर त्याच्या बाजूने खेळणार. आणि आपला जोकर आहे... या मोसमात सगळ्यात जास्त गोल मारणारा शार्दूल!"

शार्दूलने लाजून हात हलवला. सोसायटीच्या आठ जणांनी एकमेकांकडे पाहिलं. त्या क्षणी जरी कोणी त्याच्या कानात दोन वाक्यं सांगितली असती तरी चाललं असतं. जगन त्याच्याजवळ गेलासुद्धा. मला वाटलं, आता सांगतो. जगनने शार्दूलच्या खांद्यावर हात ठेवला, नानांकडे एकदा बघितलं आणि म्हणाला, "पानी पी भरपूर. ऊन हाय."

सामना चांगला चालला होता. चार-चार झाले होते. शेवटची दहा मिनिटं राहिली. जगनने लांबून मारलेला चेंडू चारुदत्तने अडवला. खरं तर त्याच्या पोटावर आपटला, पण अडवला. बाल्कनीतून टाळ्या आल्या. एवढ्या टाळ्या माझ्या नवऱ्याला आमच्या लग्नातही मिळाल्या नव्हत्या. तो चेंडू छातीशी धरून उभा राहिला. बाल्कनीकडे बघून थोडा हसलाही.

मी हात वर केला. पाच. चार. तीन.

"चारुदत्त!" मी म्हटलं. पंचाने असं म्हणायचं नसतं.

दोन. एक.

तो अजून बाल्कनीकडेच बघत होता.

शिटी वाजवली. दोन मिनिटं बाहेर. तो माझ्याजवळून जाताना म्हणाला, "घरी बोलू." मी म्हटलं, "बोलू." आम्ही दोघांनी वळून गोलकडे पाहिलं. दोन बांबू, मध्ये बैलगाडी वळेल एवढी जागा, आणि त्यात कोणी नाही.

चेंडू गावाला मिळाला, म्हणजे शार्दूल आता गावाचा. सोसायटीचे दोघे चुन्याच्या रेघेपलीकडे अडकलेले, त्यांना मागे येता येईना. जगनने चेंडू घेतला आणि बांधाकडे मारायला पाय उचलला. शार्दूलला वाटलं जगनदादा चुकतोय. तो धावत आला, अर्ध्या वाटेत चेंडू अडवला, एकाला चकवलं, दुसऱ्याला चकवलं आणि इतका सुरेख, इतका मऊ पास दिला की चेंडू नानांच्या पायापाशी येऊन मांजरासारखा थांबला.

"मारा नाना!" तो ओरडला. "मोकळा आहे!"

गोल चार पावलांवर. सोसायटीचा जो होता तो जागच्या जागी उभा राहिला. कलिंगडवाल्याची सुरी फोडीत अर्धीच राहिली. निकेशच्या हातातल्या माइकमधून त्याचा श्वास ऐकू येत होता.

नानांनी चेंडूवर पाय ठेवला.

मी हात वर केला. पाच.

नुसते उभे राहिले असते तरी चाललं असतं. पाच सेकंद संपले असते, मी त्यांना दोन मिनिटं बाहेर काढलं असतं, तेवढ्यात चारुदत्त परत आला असता. मग जून, मग भात. अजून एक वर्ष सगळ्यांना गुडघ्यांवर बोलता आलं असतं. मला तेच हवं होतं. मी बोटं जमतील तेवढी सावकाश मिटत होते.

चार.

नानांनी डाव्या बांबूकडे पाहिलं. ठिपक्यांखाली एका ठिपक्यापुरती जागा होती.

तीन.

"पंचबाई," नाना म्हणाले, "हात खाली घ्या. दुखल."

मी हात खाली घेतला. त्यांनी वाकून चेंडू उचलला, काखेत धरला आणि बांधाकडे चालू लागले. हँडबॉल होता. एवढा धडधडीत हँडबॉल मी पुन्हा पाहणार नाही. शिटी माझ्या तोंडातच होती, पण मी ती वाजवली नाही.

ते निकेशसमोर उभे राहिले. "माइक दे."

"बाबा, अजून आठ मिनिटं आहेत. तुम्ही आधी गोल..."

"दे रं."

निकेशने माइक दिला. नानांनी त्यावर बोट आपटून पाहिलं. स्पीकर दोनदा ढप ढप वाजला. मग ते नुसतेच उभे. एका काखेत चेंडू, तोंडासमोर माइक, आणि आवाज नाही. मागे बांधावर गोदूताईंनी मशेरीची चूळ टाकली आणि पदराने तोंड पुसलं.

"हां," त्या म्हणाल्या. "आता बोला."

"मार्चातला माजा गोल," नाना म्हणाले, आणि ते तिन्ही इमारतींना ऐकू गेलं, "तो ऑफसाइड नव्हता. हा पिवल्या बनियनवाला माज्या पुढं होता. मना दिसला. पंचबाईंना पन दिसला."

सगळे माझ्याकडे वळले. शार्दूल स्वतःच्या छातीवर बोट ठेवून जगनला काहीतरी विचारत होता. मला खोटं बोलायला एकच शब्द पुरला असता आणि तो मला येत होता.

"नव्हता ऑफसाइड," मी म्हटलं. "गोल होता."

"म्हंजे शंभर झाले," नाना म्हणाले. "तवाच झाले."

निकेश पुढे आला. खिशाला लावलेल्या पेनाकडे त्याचा हात गेला आणि तिथेच राहिला. त्या वेळी तो मला प्रथमच मोठा माणूस न वाटता, हळद लावून स्टेजवर बसलेला तो मुलगा वाटला. नानांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्यासाठी चेंडू सोडावा लागला. तो घरंगळत जाऊन कोपऱ्यातल्या लाल खुंटाला लागून थांबला.

"हलदीत मी शब्द दिला, असाच माइक धरून, सगल्यांसमोर," ते म्हणाले. "मंग तो मोडायचा पन माइकवरच. चोरून नाय मोडायचा. ही तीन वर्सं मी पाय वाकडा करून मोडत व्हतो. निकेश, पोरा, तुज्यावर राग नाय." त्यांनी माइक आणखी जवळ धरला. "मना ही जमीन इकाची नाय."